इंग्रजी वाक्प्रचारांचे डच भाषांतर

इंग्रजी वाक्प्रचारांचे डच भाषांतर हा भाषांतरमीमांसेतील एक अभ्यासविषय आहे. इंग्रजीतील वाक्प्रचार, म्हणी आणि नित्याच्या बोलण्यातील ठरीव शब्दसंहती डच भाषेत कशा आणाव्यात, याचा विचार त्यात केला जातो. या दोन भाषा एकमेकींच्या अगदी जवळच्या नात्यातल्या आहेत. त्यामुळे हे काम वरवर पाहता सोपे वाटते. प्रत्यक्षात ते अवघड होते ते याच जवळिकीमुळे. दूरच्या भाषेतून भाषांतर करणारा प्रत्येक शब्दापाशी थबकतो, तर जवळच्या भाषेतून करणारा न थांबता पुढे जातो आणि अडखळतो.

या लेखात इंग्रजी व डच शब्द उच्चाराला धरून देवनागरीत लिहिले आहेत. डच शब्दांतील ‘ख’ हा घशातून घर्षणाने उच्चारला जातो. उर्दूतील ‘ख़ुदा’ या शब्दातल्या व्यंजनाशी तो मिळताजुळता आहे.

पार्श्वभूमी

इंग्रजी आणि डच या दोन्ही भाषा जर्मानिक भाषाकुळाच्या पश्चिम शाखेतील आहेत. इंग्रजी ‘वॉटर’ला डचमध्ये ‘वातर’, ‘बुक’ला ‘बूक’ आणि ‘हाउस’ला जवळजवळ ‘हाउस’च म्हणतात. डच ही नेदरलँड्स, बेल्जियमचा उत्तर भाग म्हणजे फ्लँडर्स आणि दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथील भाषा आहे. तिचे भाषक तिला ‘नेदरलान्त्स’ म्हणतात. मराठीच्या ऐतिहासिक कागदपत्रांत या लोकांचा उल्लेख ‘वलंदेज’ किंवा ‘वलंदाज’ असा येतो. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी १९८० मध्ये करार करून डच भाषेसाठी ‘ताल्युनी’ ही संयुक्त संस्था स्थापन केली. सुरिनाम नंतर तिच्याशी जोडला गेला.

दोन्ही भाषांतील वाक्प्रचारांचा मोठा साठा समाईक आहे आणि त्याचे एक मूळ बायबलमध्ये आहे. इंग्लंडमध्ये १६११ साली राजा जेम्सच्या नावाने ओळखले जाणारे भाषांतर निघाले, तर नेदरलँड्समध्ये १६३७ साली ‘स्तातनफरतालिंग’ हे राज्यसभेच्या आज्ञेने झालेले भाषांतर. डुकरांपुढे मोती टाकणे, मेंढराच्या कातड्यातला लांडगा, डोळ्याबद्दल डोळा हे बोल त्यामुळे दोन्हीकडे सारखेच रुळले. मात्र समान ग्रंथातून आलेले बोलही हुबेहूब सारखे असतातच असे नाही. सतत सलणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत ‘कुशीतला काटा’ म्हणतात, तर डचमध्ये तोच काटा डोळ्यात असतो. दुसऱ्याचे पाप ज्याच्या माथी मारले जाते त्याला इंग्रजीत ‘स्केपगोट’ म्हणजे निसटून गेलेला बोकड म्हणतात. हा शब्द विल्यम टिंडेलने १५३० साली बायबलच्या भाषांतरात घडवला. डच शब्द ‘झॉन्दबॉक’ म्हणजे पापाचा बोकड. इंग्रजी शब्द बोकड कोठे गेला ते सांगतो, डच शब्द त्याच्या पाठीवर काय होते ते.

दुसरे समाईक मूळ ग्रीक-लॅटिन विद्येचे. रॉटरडॅमच्या इरॅस्मसने ग्रीक व लॅटिन म्हणींचा ‘अदाजिया’ हा संग्रह १५०० साली प्रथम प्रसिद्ध केला आणि पुढे आयुष्यभर वाढवत नेला. मगरीचे अश्रू, सिंहाचा वाटा, अकिलीसची टाच हे युरोपभर पसरलेले बोल याच परंपरेतले आहेत आणि त्यांचे भाषांतर करताना कोणाला फारसे कष्ट पडत नाहीत.

खास डच मातीतील म्हणींचे सर्वांत प्रसिद्ध दर्शन शब्दांत नसून चित्रात आहे. पीटर ब्रूगल (थोरला) याने १५५९ साली रंगवलेले ‘नेदरलँडी म्हणी’ हे चित्र आज बर्लिनच्या चित्रसंग्रहालयात आहे. एकाच गावाच्या दृश्यात शंभराहून अधिक म्हणी त्यात अक्षरशः घडताना दिसतात. वासरू बुडून मेल्यावर विहीर बुजवणारा माणूस त्यात आहे. ही म्हण डचमध्ये अजून जिवंत आहे आणि ‘घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप’ या अर्थाच्या इंग्रजी म्हणीसाठी भाषांतरकार तीच वापरतात. ग्रंथरूपाने पाहायचे तर विलेम सेवेल याचा इंग्रजी-डच कोश १६९१ चा आहे. हारबोमे याचा तीन खंडांतील म्हणीकोश १८५८ ते १८७० या काळात आणि स्टूट याचा व्युत्पत्तींसह म्हणीसंग्रह १९०१ पासून प्रसिद्ध झाला. म्हणीचा मूळ अर्थ शोधण्यासाठी शेवटचे दोन ग्रंथ आजही चाळले जातात.

साधर्म्याचा चकवा

काही वाक्प्रचार शब्दशः तसेच्या तसे उतरतात. खिळ्याच्या डोक्यावर नेमका घाव घालणे, संकोचाचे बर्फ फोडणे, झोपलेल्या कुत्र्यांना न उठवणे, फळ झाडापासून दूर न पडणे: यांत भाषांतरकाराला शब्दांची अदलाबदल करण्यापलीकडे काही करावे लागत नाही. धोका त्यानंतर सुरू होतो. चार वाक्प्रचार सरळ उतरले की पाचवाही उतरेल असे मन गृहीत धरते.

याचे उत्तम उदाहरण पिशवीतल्या मांजराचे आहे. इंग्रजीत ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ म्हणजे गुपित फोडणे. डचमध्येही पिशवीत मांजर आहे. परंतु ‘अन कात इन द झाक कोपन’, म्हणजे पिशवीतले मांजर विकत घेणे, याचा अर्थ माल न पाहता घेऊन फसणे असा आहे. त्या अर्थाला इंग्रजीत मांजर नव्हे तर पिशवीतले डुक्कर लागते. आता गुपित फुटण्यासाठी डच काय म्हणतात? ‘द आप कॉम्त आउत द माउ’, म्हणजे बाहीतून माकड बाहेर आले. सामान्य कोश येथे थांबतात. चांगल्या भाषांतरकाराला मात्र थांबता येत नाही. इंग्रजी वाक्प्रचारात कोणीतरी मांजर सोडले आहे, म्हणजे दोष कोणाचा तरी आहे. डच माकड आपले आपण बाहेर येते. बाहेर काय आले याला महत्त्व असेल तर माकड चालेल. कोणाच्या तोंडून निसटले याला महत्त्व असेल तर ‘झेइन मॉन्त फोरबेइप्रातन’, म्हणजे स्वतःच्या तोंडापलीकडे बोलून जाणे, हा वाक्प्रचार घ्यावा लागतो. त्यात प्राणी कोणताच नाही, पण अर्थ बरोबर बसतो.

हत्तीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. डचमध्ये हत्ती पूर्वीपासून दोन ठिकाणी वावरत होता. ‘फान अन म्युख अन ओलिफान्त माकन’, डासाचा हत्ती करणे, हे मराठीतील राईचा पर्वत करण्यासारखे आहे. इंग्रजीत तेथे चिचुंद्रीसारख्या बिळकरी प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगाचा डोंगर होतो. दुसरा हत्ती चिनी मातीच्या भांड्यांच्या कपाटात शिरलेला, म्हणजे नाजूक प्रसंगी धसमुसळेपणा करणारा माणूस. इंग्रजीत ते काम चिनी मातीच्या दुकानात शिरलेला बैल करतो. अलीकडे इंग्रजीतून तिसरा हत्ती आला, ‘द ओलिफान्त इन द कामर’, खोलीतला हत्ती. सर्वांना दिसते पण कोणी बोलत नाही अशी गोष्ट तो दाखवतो. डचमध्ये या अर्थाचा नेमका बोल नसल्याने तो लवकर रुळला. परंतु त्यामुळे घाईने वाचणाऱ्याला कपाटातला हत्ती आणि खोलीतला हत्ती यांची गल्लत करण्याची नवी संधी मिळाली.

सुट्या शब्दांतही असे चकवे आहेत. इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे अखेरीस. डच ‘एव्हन्त्युएल’ म्हणजे कदाचित, जमल्यास. ‘आम्ही अखेरीस पैसे देऊ’ आणि ‘आम्ही जमल्यास पैसे देऊ’ यांतील फरक करारावर सही करणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी ‘ब्रेव्ह’ शूर असतो, डच ‘ब्राफ’ मात्र शहाण्या मुलासारखा आज्ञाधारक.

प्रतिमा बदलते तेव्हा

मुसळधार पावसाला इंग्रजीत मांजरे आणि कुत्री पडतात, तर डचमध्ये ‘हेत रेखन्त पेइपन्स्तेलन’, म्हणजे चिलमींच्या नळ्या पडतात. सतराव्या शतकापासून खाउडा शहर मातीच्या, लांब पांढऱ्या दांड्याच्या चिलमींसाठी प्रसिद्ध होते. सरळ रेषेत कोसळणाऱ्या पावसाला त्या दांड्यांची उपमा मिळाली. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये, कारण मराठी पाऊसही मुसळासारख्या धारेने पडतो. दोन्हीकडे पाहणाऱ्याने धारेचा आकार पाहिला आहे. इंग्रजीतील मांजरे-कुत्री कोठून आली, याची समाधानकारक उपपत्ती अद्याप कोणी दिलेली नाही.

अशा ठिकाणी भाषांतरकार प्रतिमा सोडून अर्थ धरतो. एका दगडात दोन पक्षी मारण्याऐवजी डच माणूस एका फटक्यात दोन माश्या मारतो. मनाविरुद्ध कटू निर्णय घेताना इंग्रज बंदुकीची गोळी दाताखाली धरतो, डच आंबट सफरचंदात आरपार दात रोवतो. जेथे माल मुबलक तेथेच तो नेण्याचा मूर्खपणा इंग्रजीत न्यूकॅसलला कोळसा नेण्याचा आहे, तर डचमध्ये समुद्राला पाणी नेण्याचा. मराठीत आगीतून फुफाट्यात पडतात, इंग्रजीत तव्यातून आगीत, आणि डचमध्ये पावसातून पागोळीखाली. अशक्य गोष्टीसाठी इंग्रजीत डुकरे उडावी लागतात. डचमध्ये ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे सात आठवड्यांच्या अंतराने येणारे सण एकाच दिवशी यावे लागतात.

भिन्न गोष्टींची तुलना करताना इंग्रजीत सफरचंद आणि संत्रे येते, डचमध्ये सफरचंद आणि नासपती. येथे संत्रे वापरले असते तरी अर्थ कळला असता, पण त्याला वेगळाच दोष चिकटला असता. डच भाषेत संत्र्याला ‘सिनासआपल’, म्हणजे चीनचे सफरचंद, असे म्हणतात.

अर्थाइतकाच बोलाचा बाजही महत्त्वाचा असतो. मरणाबद्दल थट्टेने बोलताना इंग्रजीत ‘बादलीला लाथ मारणे’ म्हणतात. डचमध्ये त्या जागी शिशाचा लहानसा तुकडा ठेवणे, नळीतून निघून जाणे किंवा कोपऱ्यावरून वळणे असे पर्याय आहेत. मराठीतील ‘गचकणे’ आणि ‘निवर्तणे’ यांत जे अंतर आहे तेच हे वाक्प्रचार आणि साधा शब्द ‘ओवरलेइदन’ यांत आहे. तेव्हा कोश दाखवतो तो पहिला पर्याय उचलणे धोक्याचे ठरते. बोलणारा कोण, गेलेला त्याचा कोण आणि ऐकणारा कोण हे पाहावे लागते. काही वेळा वाक्प्रचाराऐवजी सरळ क्रियापद लिहिणे हाच उत्तम मार्ग असतो. शिवाय एका वाक्प्रचारासाठी दुसरा वाक्प्रचार आणलाच पाहिजे असा नियम नाही. तसा अट्टहास धरणाऱ्यांचे लेखन म्हणींच्या संग्रहासारखे दिसू लागते. मूळ लेखकाने सहज वापरलेला झिजलेला बोल डचमध्ये ठसठशीत चित्र होऊन उभा राहिला, तर तीही मुळाशी प्रतारणाच होय.

वेळ, क्रम आणि संख्या

सर्वांत महाग पडणाऱ्या चुका रंगीत वाक्प्रचारांत होत नाहीत. त्या अगदी साध्या बोलांत होतात. ब्रिटिश बोलीत ‘हाफ थ्री’ म्हणजे साडेतीन, तर डचमध्ये ‘हाल्फ द्री’ म्हणजे अडीच, कारण डच भाषा तिसऱ्या तासाचा अर्धा भाग मोजते. शब्द तेच, क्रम तोच, आणि वेळेत नेमका एका तासाचा फरक. हा फरक व्याकरणाच्या तपासणीत सापडत नाही, कारण दोन्ही वाक्ये शुद्ध असतात. डच भाषेत दीड या संख्येलाही ‘आन्दरहाल्फ’ असा एकच शब्द आहे. अपूर्णांकांना स्वतंत्र नावे असणाऱ्या मराठीच्या भाषकाला अडीचचा हा हिशेब इंग्रजांपेक्षा लवकर पटतो.

क्रमवाचक बोलांत याहून सूक्ष्म फेर आहे. इंग्रजीत रॉटरडॅम हे नेदरलँड्समधील ‘दुसरे सर्वांत मोठे’ शहर असते. रूढ डचमध्ये ते ‘ऑप एन ना ख्रोत्स्ते’, म्हणजे एक वगळता सर्वांत मोठे, असते. तिसऱ्या क्रमांकाचे हेग त्याच न्यायाने ‘दोन वगळता’ सर्वांत मोठे ठरते. भाषांतरकाराला प्रत्येक वेळी मनात एक वजा करावा लागतो. आकडा तसाच ठेवला तर शहर एक पायरी खाली उतरते आणि वाचकाला त्याची शंकाही येत नाही.

मोठ्या संख्यांत तर घोटाळा हजारपटींचा होतो. आजच्या इंग्रजीतील ‘बिलियन’ म्हणजे एक अब्ज, अर्थात शंभर कोटी. डचमध्ये त्याला ‘मिल्यार्द’ म्हणतात. डच ‘बिल्यून’ म्हणजे एक लाख कोटी. ब्रिटनमध्येही पूर्वी ‘बिलियन’चा अर्थ एक लाख कोटी असाच होता; ब्रिटिश सरकारने १९७४ मध्ये अधिकृत आकडेवारीसाठी अमेरिकी अर्थ स्वीकारला. त्यामुळे जुन्या ब्रिटिश ग्रंथाचे भाषांतर करताना पुस्तकाचे प्रकाशनवर्ष पाहिल्याशिवाय हा शब्द हाताळता येत नाही.

रोजचे बोल

‘प्लीज’ या एका इंग्रजी शब्दासाठी डचमध्ये आधी नाते ठरवावे लागते. आदरार्थी ‘यू’ आणि जवळिकीचे ‘ये’ असे द्वितीय पुरुषाचे दोन प्रकार त्या भाषेत आहेत. त्यानुसार ‘आल्स्तुब्लीफ्त’ किंवा ‘आल्शब्लीफ्त’ म्हणावे लागते. इंग्रजी ‘यू’ कोणाला उद्देशून आहे हे वाक्यात लिहिलेले नसते. मराठी भाषांतरकारालाही ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हा प्रश्न इंग्रजीच्या प्रत्येक संवादात पडतो. डच शब्दाची आणखी एक गंमत अशी की, वस्तू मागताना तो वापरतात तसाच ती हाती देतानाही वापरतात. इंग्रजीत तेथे ‘हिअर यू आर’ असा वेगळा बोल आहे. आभारांना उत्तर म्हणून ‘ख्राख खदान’ (आनंदाने केले), शिंकणाऱ्याला ‘खझॉन्तहेइत’ (आरोग्य) आणि जेवायला बसताना ‘एत स्माकलक’ (चवीने खा) म्हणतात. यांपैकी शेवटच्या बोलाला खुद्द इंग्रजीतच धड जोड नाही.

खरी कसोटी लागते ती लहान अव्ययांत. ‘मार’, ‘एवन’, ‘एन्स’, ‘होर’ ही डच अव्यये कोशात पाहिली तर ‘पण’, ‘समान’, ‘एकदा’ असे काहीबाही अर्थ सापडतात. बोलण्यात त्यांचे काम निराळे असते. इंग्रजी ‘कम इन’चे शब्दशः डच भाषांतर हुकमासारखे कानावर पडते, ‘कॉम मार बिनन’ म्हटले की ते ‘ये ना आत’ होते. ‘वाख्त एवन’ म्हणजे ‘जरा थांब’. वाक्याच्या शेवटी आलेला ‘होर’ हा मराठीतील ‘हं’सारखा ऐकणाऱ्याला धीर देतो किंवा सूचनेचा सूर मऊ करतो. इंग्रजीत हे काम आवाजाच्या चढउताराने अथवा ‘जस्ट’, ‘कुड यू’ अशा जोडशब्दांनी होते. त्यामुळे इंग्रजीवरून बेतलेल्या डच संवादांत ही अव्यये गळून पडतात. प्रत्येक वाक्य बिनचूक असते, आणि सर्व पात्रे एकमेकांवर रागावल्यासारखी बोलतात. ‘ना’, ‘की’, ‘बरं का’ काढून टाकलेला मराठी संवाद कसा लागेल याची कल्पना केली, म्हणजे या उणिवेचे स्वरूप ध्यानात येते.

लघुत्वदर्शक ‘-ये’ हा प्रत्यय याच जातीचा आहे. कॉफीचा कप डचमध्ये बहुधा ‘कॉप्ये’ असतो, क्षण ‘मोमेन्त्ये’ होतो. कप आकाराने लहान असावा लागत नाही, आग्रह तेवढा घरगुती असतो. अत्यंत सोप्या कामाला इंग्रजी ‘केकचा तुकडा’ म्हणते, तर डच ‘अन फ्लाउत्ये फान अन सेंत’, एका सेंटची शिट्टी. तेथेही शिट्टीला हाच प्रत्यय लागला आहे.

याउलट ब्रिटिश सौजन्याचे बोल डचमध्ये शब्दशः नेले तर फार सरळ वाचले जातात. ‘आय विल बेअर इट इन माइंड’ म्हणणारा ब्रिटिश अधिकारी पुष्कळदा नकार सुचवत असतो. डच वाचक मात्र सूचना टिपून घेतली असे समजतो. ‘आपण हे पुन्हा एकदा पाहावे असे कदाचित वाटेल’ ही ब्रिटिश वरिष्ठाची आज्ञा असू शकते. डच कनिष्ठाला ती ऐच्छिक सूचना वाटते. स्पष्टवक्तेपणा हा नेदरलँड्समध्ये सामान्यतः प्रामाणिकपणाचे लक्षण मानला जातो. त्यामुळे भाषांतरकाराने येथे शब्द जपले तर अर्थ हरवतो, आणि अर्थ उघड केला तर मूळ लेखक उद्धट दिसतो. कार्यालयीन पत्रव्यवहारात अनुभवी भाषांतरकार बहुधा दुसरा धोका पत्करतात, आणि ते योग्यच आहे; कारण हुकूम पोहोचलाच नाही तर नम्रतेचा काहीच उपयोग होत नाही.

‘डच’ शब्द असलेले इंग्रजी बोल

इंग्रजीत ‘डच’ हा शब्द पूर्वी युरोपच्या मुख्य भूमीवरील सर्व जर्मानिक भाषकांना लावत. सतराव्या शतकात तो नेदरलँड्सपुरता आकुंचित झाला. त्याच शतकात व्यापार आणि समुद्रावरील सत्ता यांसाठी इंग्लंड आणि नेदरलँड्स यांच्यात १६५२ ते १६७४ या काळात तीन युद्धे झाली. त्या वैराचा कडवटपणा अनेक इंग्रजी बोलांत उतरला. दारू पिऊन आलेले अवसान म्हणजे ‘डच करेज’, न कळणारी बडबड म्हणजे ‘डबल डच’, कठोर शब्दांत कानउघाडणी करणारा म्हणजे ‘डच अंकल’. जेवणाचा खर्च ज्याचा त्याने देणे या अर्थाचा ‘डच ट्रीट’ मात्र एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत रूढ झाला.

हे बोल डचमध्ये नेताना विशेषण टाकावेच लागते, कारण आपल्याच नावाची शिवी कोणी आपल्या भाषेत बाळगत नाही. ‘डच करेज’साठी ‘झिख मूद इन्द्रिंकन’, म्हणजे पिऊन अंगी धैर्य आणणे, हा नेमका पर्याय आहे. ‘डबल डच’ ऐकलेला डच माणूस ‘मला यातून चॉकलेट बनवता येत नाही’ असे म्हणतो. ‘हे खोटे ठरले तर मी डचमन’ अशी शपथ घेणारे इंग्रज पात्र डच भाषांतरात ‘खोटे ठरले तर मी घेवड्याची शेंग’ म्हणते. डच भाषेनेही थोडी परतफेड केली आहे. मुलांची हाडे वाकवणाऱ्या मुडदूस या रोगाला डचमध्ये ‘इंग्रजी आजार’ म्हणतात. आता हेच नाव गमतीने एका लेखनदोषाला मिळाले आहे. डचमध्ये सामासिक शब्द जोडून लिहितात. स्वयंपाकघरातले टेबल म्हणजे ‘क्यूकनताफल’ हा एक शब्द. इंग्रजीच्या प्रभावाने त्याचे दोन तुकडे करणाऱ्याला हा ‘इंग्रजी आजार’ जडला आहे असे म्हणतात.

फ्लँडर्समधील भेद

एकाच इंग्रजी बोलाला नेदरलँड्समध्ये एक आणि फ्लँडर्समध्ये दुसरा पर्याय असू शकतो. कोणाची थट्टा करणे याला इंग्रजीत ‘पाय ओढणे’ म्हणतात. ‘ओढणे’ तसेच ठेवले तर कोणत्याच डच भाषकाला कळत नाही. नेदरलँड्समध्ये माणसाला ‘वेड्यात काढतात’, तर फ्लँडर्समध्ये ‘मेत ईमान्त्स फूतन स्पेलन’, म्हणजे त्याच्या पावलांशी खेळतात.

स्पष्ट बोलण्याबद्दलच्या ‘टु कॉल अ स्पेड अ स्पेड’ या बोलाचा प्रवास विशेष उद्बोधक आहे. मूळ ग्रीक म्हणीत पन्हळीसारखे कोरीव भांडे होते. इरॅस्मसने लॅटिनमध्ये त्याचे फावडे केले, कारण त्या ग्रीक शब्दाची त्याने खोदण्याच्या अर्थाच्या शब्दाशी गल्लत केली असावी. निकोलस युडालने १५४२ साली इरॅस्मसच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते फावडे इंग्रजीत कायम झाले. म्हणजे आज अस्सल इंग्रजी समजला जाणारा हा बोल रॉटरडॅमच्या विद्वानाने केलेल्या भाषांतरातून आला. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र फावडे नाही. तेथे ‘हेत बेस्त्ये बेइ द नाम नूमन’, त्या लहानग्या प्राण्याला नावाने हाक मारणे, असे म्हणतात. फ्लँडर्समध्ये शेजारच्या फ्रेंचच्या प्रभावाने ‘मांजराला मांजर म्हणणे’ रूढ आहे. दोन्ही देशांतील वाचकांसाठी छापल्या जाणाऱ्या पुस्तकात यांपैकी कोणते निवडावे, हा प्रश्न प्रकाशन व्यवहारात नेहमी उद्भवतो. बहुतेक वेळा उत्तरेचा बोल निवडला जातो आणि दक्षिणेचा वाचक तो समजून घेतो. उलट क्वचितच घडते.

उसने अनुवाद आणि त्यावरील वाद

इंग्रजी बोलाचे शब्दशः डच रूप करून वापरणे याला ‘आंग्लिसिझम’ म्हणतात. असे बोल नवे नाहीत. जहाजावरील सर्वांना कामाला बोलावणारी ‘आले हेन्स आन देक’ ही आरोळी आज पूर्ण डच समजली जाते. तिच्यातील ‘हेन्स’ हा इंग्रजी ‘हँड्स’चाच अवशेष होय. ‘स्कायस्क्रेपर’ डचमध्ये आला तेव्हा आकाशाच्या जागी ढग घेऊन ‘वॉल्कनक्राबर’, म्हणजे ढग खाजवणारा, झाला. मराठीने त्याच इमारतीला ‘गगनचुंबी’ करून खाजवण्याऐवजी चुंबन घ्यायला लावले. उसनवारी कशी करावी याची ही दोन्ही चांगली उदाहरणे आहेत.

वाद आहे तो डचमध्ये आधीच बोल असताना आलेल्या रूपांवर. ‘अॅट दि एंड ऑफ द डे’ याचे ‘आन हेत एइन्त फान द दाख’ हे रूप वृत्तपत्रांत आणि भाषणांत सर्रास आढळते. त्या अर्थाचे ‘पेर स्लॉत फान रेकनिंग’, म्हणजे हिशेब मिटवताना, हा जुना बोल अस्तित्वात असूनही. मराठीत ‘दिवसाच्या शेवटी’ याच लाक्षणिक अर्थाने लिहिले जाऊ लागले आहे, तेव्हा हा प्रश्न केवळ डचांचा नाही. अशा रूपांची खरी हानी परकेपणात नसून संदिग्धतेत आहे. ‘दिवसाच्या शेवटी निर्णय होईल’ हे वाक्य वाचणाऱ्याला निर्णय आज संध्याकाळी होणार की यथावकाश, हे कळत नाही.

‘ओंझ ताल’ ही भाषाप्रेमींची संस्था १९३१ मध्ये स्थापन झाली, ती जर्मनमधून येणाऱ्या शब्दांना विरोध करण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजीचा ओघ वाढला आणि चर्चेचा विषय बदलला. आज ही संस्था बंदीची भाषा न करता कोणता प्रयोग कोठे शोभतो याविषयी सल्ला देते. उलट दिशेची फजिती डच लोक स्वतःच चवीने सांगतात. डच बोल शब्दशः इंग्रजीत नेणाऱ्या भाषेला ‘स्तेनकोलनएंगल्स’, म्हणजे दगडी कोळशाची इंग्रजी, म्हणतात. बंदरातील डच कामगार इंग्रजी कोळसावाहू जहाजांवरील खलाशांशी जी मोडकी भाषा बोलत, त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. मार्टिन रेइकन्स यांनी २००५ मध्ये अशा नमुन्यांचे एक लोकप्रिय पुस्तक काढले. त्याच्या नावातच ‘मी नेहमी माझे म्हणणे खरे करतो’ या अर्थाच्या डच वाक्यातील ‘झिन’, म्हणजे इच्छा, इंग्रजीत ‘सिन’, म्हणजे पाप, झाली आहे.

उपशीर्षकांतील भाषांतर

नेदरलँड्स आणि फ्लँडर्समध्ये लहान मुलांचे कार्यक्रम वगळता परदेशी चित्रपट व मालिकांना आवाज बदलून दिला जात नाही. पडद्याखाली डच उपशीर्षके दिली जातात. एकावेळी साधारणतः दोन ओळींची जागा असते आणि काही सेकंदांत त्या नाहीशा होतात. तेथील बहुसंख्य प्रेक्षकांना इंग्रजी समजत असल्याने ते मूळ वाक्य ऐकतात आणि त्याच क्षणी भाषांतर वाचतात. पुस्तकाच्या भाषांतरकाराचे मूळ वाचकासमोर नसते, उपशीर्षककाराचे मात्र सतत कानावर पडत असते. बरोबर निवडलेला डच वाक्प्रचारही अशा प्रेक्षकाला चूक वाटू शकतो, कारण त्याने ‘मांजरे’ ऐकली आणि ‘चिलमी’ वाचल्या.

शब्द आणि चित्र यांवर विनोद बेतलेला असेल तर कोशातील कोणताही पर्याय उपयोगी पडत नाही. एखादे पात्र पावसात भिजलेल्या कुत्र्याकडे पाहून मांजरे-कुत्री पडत असल्याचे म्हणते. पडद्यावर कुत्रे आहे, चिलीम नाही. डचमध्ये वाईट हवेला ‘हॉन्दनवेर’, कुत्र्याची हवा, असा नित्याच्या वापरातील शब्द आहे. तो घेतला तर मुसळधार पाऊस थोडा ओसरतो आणि मांजर सोडून द्यावे लागते. परंतु कुत्रे वाचते, वाक्य एका ओळीत मावते आणि प्रेक्षक हसण्याच्या जागी हसतो.